१०७ किलोचा रायडर आणि पुढचा शॉकअप: डॅम्पिंग नेमकं कसं सेट करायचं

माझं वजन ९८ किलो. हेल्मेट, बूट, नी-गार्ड, चेस्ट प्रोटेक्टर आणि पाठीवर पाण्याची बॅग असं सगळं चढवून काट्यावर उभा राहिलो की १०७ दाखवतो. हे आधीच सांगतोय कारण शॉकअपला गिअरसकटचं वजन कळतं, डॉक्टरकडच्या काट्यावरचं नाही, आणि निम्मे लोक हिशोबच चुकीच्या आकड्यापासून सुरू करतात. कंपनी एक ठरावीक रायडर डोळ्यासमोर ठेवून स्प्रिंग टाकते, केटीएमच्या एसएक्स आणि ईएक्ससी या बऱ्याच रेसिंग गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर ७५ ते ८५ किलो असं सरळ छापलेलं असतं. मी त्यात बसत नाही, आणि तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुतेक तुम्हीही बसत नसाल.

आता जड माणूस पहिली चूक काय करतो ते सांगतो, कारण मी पण तीच केली आणि आमच्या ग्रुपमधल्या एका दादांनी (ते ११२ किलो, गिअर वेगळं) माझ्याहून जोरात केली. मुळशीच्या मागच्या बाजूला एक दगडगोट्यांची उतरण आहे, तिथे पुढचं चाक प्रत्येक पायरीला खट्ट करून तळाला लागायचं. दादांच्या फोर्कला (म्हणजे पुढच्या शॉकअपला) क्लिकर आहेत, म्हणजे डॅम्पिंग कमी-जास्त करायची बटणं, त्यांनी काय केलं, कम्प्रेशन (फोर्क दबतानाचं डॅम्पिंग) पूर्ण आवळून टाकलं. तळाला लागणं जरा कमी झालं पण बारीक खडीवर हँडल असं थरथरायला लागलं की संध्याकाळी चहाचा कप धरता येईना. मग म्हणाले शॉकअप फार कडक झाला, मऊ करू. मऊ केला की परत खट्ट. असं दोन महिने चाललं होतं.

खरं दुखणं हे की स्प्रिंगचं काम आपण डॅम्पिंगकडून, म्हणजे आतल्या तेलाच्या अडवण्याकडून करून घ्यायला बघतो. वजन पेलणं हे स्प्रिंगचं काम, आणि तेल फक्त वेगाला अडवतं. तुम्ही बाइकवर नुसते बसून राहिलात, फोर्क हलत नाहीये, तर क्लिकर कितीही आवळा, तेल एक ग्रॅमसुद्धा उचलत नाही. बँकेच्या काचेच्या दाराला वर क्लोजर असतो ना, तो दार हळू बंद करतो एवढंच, दार धरून ठेवत नाही. जड रायडरचा मऊ स्प्रिंगवाला फोर्क आधीच निम्मा खाली बसलेला असतो, उरलेल्या निम्म्यात त्याने सगळे दगड खायचे, वर त्याच भागात फोर्कमधली हवा पण दाबली गेलेली असते म्हणून तो कडक लागतो. म्हणजे हाताला कडक वाटतंय आणि कारण आहे मऊपणा. हा घोळ ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं.

त्यामुळे क्रम असा धरायचा की आधी मागचं, मग पुढची स्प्रिंग, मग तेल आणि तेलाची लेव्हल, मग रिबाउंड (फोर्क परत वर येतानाचं डॅम्पिंग) आणि सगळ्यात शेवटी कम्प्रेशन. उलट्या क्रमाने गेलात तर फिरून फिरून भोपळे चौकातच.

मागचं आधी का? जड माणूस सीटवर बसला की त्याचं बरंचसं वजन मागच्या मोनोशॉकवर जातं. मागचं बूड खाली बसलं की पुढचं चाक आपोआप लांब आणि हलकं होतं, वळणात बाहेर बाहेर पळतं, आणि आपण पुढच्या फोर्कला शिव्या घालतो. मागे मी आणि गाडी मिळून ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली होण्याच्या एकूण अंतराच्या) साधारण एक तृतीयांश बसायला पाहिजे. मोटोक्रॉस गाड्यांना ट्रॅव्हल ३०० एमएमच्या आसपास असतो म्हणून तिथे १०० ते १०५ एमएम धरतात, आपल्याकडच्या १७० एमएमवाल्या ड्युअल-स्पोर्ट गाडीला ५५ च्या आसपास. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवायची) रिंग फिरवून तेवढं येत असेल तर उत्तम, रिंग शेवटपर्यंत आवळूनही येत नसेल तर मागेही स्प्रिंग बदलावीच लागणार, त्याला इलाज नाही.

आता पुढचा सॅग मोजू. सॅग म्हणजे वजनाने फोर्क किती बसतो ते. यासाठी एक टेप, दोन मित्र आणि एक वही लागते. पहिल्यांदा इंजिनखाली स्टूल किंवा क्रेट लावून पुढचं चाक हवेत उचला, फोर्क पूर्ण लांब होऊ द्या आणि डस्ट सीलपासून (पाइपवर धूळ अडवणारी रबरी रिंग) खालच्या टी-क्लॅम्पपर्यंतचा (फोर्कचे दोन्ही पाइप धरणारा भाग) पाइप किती दिसतो ते मोजा. समजा ते माप अ. मग गाडी खाली ठेवा, एकटी गाडी सरळ उभी धरा आणि परत मोजा, ते ब. मग तुम्ही पूर्ण गिअर घालून फूटपेगवर उभे राहा, एक जण मागून गाडी धरेल, दुसरा मोजेल, ते क. अ वजा ब म्हणजे नुसत्या गाडीचा सॅग आणि अ वजा क म्हणजे रायडरसकटचा सॅग. एक बारीक गोष्ट, सील आणि बुशचं (पाइप ज्यावर सरकतो त्या आतल्या रिंगांचं) घर्षण असतं त्यामुळे फोर्क दाबून सोडला तर वेगळा आकडा येतो आणि वर उचलून हळू सोडला तर वेगळा. दोन्ही घ्या, सरासरी काढा. दोन्हीत फारच फरक, म्हणजे १५-२० एमएम वगैरे आला तर फोर्क कुठेतरी अडकतोय, पाइप वाकलाय किंवा बुश गेलेत किंवा एक्सल चुकीचा आवळलाय, ते आधी बघा.

माझ्या गाडीला पुढे १९० एमएम ट्रॅव्हल आहे. रायडरसकटचा सॅग साधारण ३० टक्के म्हणजे ५७ च्या आसपास हवा, नुसत्या गाडीचा २० च्या आसपास असला तरी चालतो. माझा आला ७८ आणि २८. मी लगेच स्प्रिंगच्या वर २० एमएमचा स्पेसर टाकला, सॅग आला ५८, मी खूश. पण नुसत्या गाडीचा सॅग झाला ८! म्हणजे मी नसताना गाडी जवळजवळ पूर्ण वर ताणलेली, खड्ड्यात चाक खाली जायला जागाच नाही, आणि ब्रेक सोडला की पुढचं वर येऊन टक् करून आपटायचं.

इथे एक हिशोब आहे तो नीट बघा. ७८ वजा २८ म्हणजे ५०. स्पेसर टाकल्यावर ५८ वजा ८, परत ५०. प्रीलोड कितीही बदला, या दोन सॅगमधला फरक हलत नाही, कारण तो फरक म्हणजे तुमच्या वजनाने स्प्रिंग किती दबली हे, आणि ते फक्त स्प्रिंगच्या कडकपणावर असतं. स्पेसरने गाडीची उंची बदलते, स्प्रिंग कडक होत नाही. कुणी मेकॅनिक म्हणाला ना की वॉशर टाकून शॉकअप हार्ड करून देतो, तर त्याला हे पन्नास-पन्नास दाखवा. मला हा फरक ४३ च्या आसपास पाहिजे होता, म्हणजे ५० भागिले ४३, साधारण १६ टक्के कडक स्प्रिंग. असा सरळ आकडा निघतो.

आत्ता आहे ती स्प्रिंग किती कडक आहे ते घरी पण मोजता येतं. बाथरूममधला वजनकाटा घ्या, स्प्रिंगच्या आतून एक दांडी घाला म्हणजे ती वाकून उडणार नाही, ड्रिल मशीनच्या स्टँडने किंवा मोठ्या सी-क्लॅम्पने दाबा. आधी ५० एमएम दाबून काटा वाचा, मग अजून २० एमएम दाबून वाचा. फरक १० किलो आला तर १० भागिले २० म्हणजे ०.५ किलो प्रति एमएम, न्यूटनमध्ये ४.९. स्प्रिंग विकणारे कुणी किलोत सांगतात कुणी न्यूटनमध्ये, ९.८ ने गुणायचं एवढंच. आणि चष्मा घाला, दबलेली स्प्रिंग सुटली तर डोळा गेलाच समजा.

कडक स्प्रिंग आणायची कुठून हा आपल्याकडचा खरा प्रश्न. केटीएम, कावासाकी, यामाहाच्या रेसिंग गाड्यांना बाहेरून वेगवेगळ्या रेटच्या (म्हणजे कडकपणाच्या) स्प्रिंगा मिळतात, थोडं थांबावं लागतं पण मिळतात. भारतातल्या २०० सीसीच्या गाड्यांना पर्याय कमी. हीरो एक्सपल्ससाठी रॅली किट आलं होतं त्यात पुढे २५० आणि मागे २२० एमएम ट्रॅव्हलचं ॲडजस्टेबल सस्पेन्शन होतं आणि नंतर प्रो मॉडेलमध्ये तेच कंपनीतून लावून येतं, तसं काही तुमच्याकडे असेल तर तेलाच्या सोडून बाकीच्या फार भानगडीत पडावं लागणार नाही, आधी सॅग बघा.

नसेल तर मग सगळे जो जुगाड सांगतात तो म्हणजे स्प्रिंग कापणे. तत्त्व बरोबर आहे, वेढे कमी केले की स्प्रिंग त्या प्रमाणात कडक होते. ४० वेढ्यांची स्प्रिंग ३४ ची केली तर ४० भागिले ३४, म्हणजे १८ टक्के कडक, आणि कमी झालेली लांबी स्पेसरने भरून काढायची. मी हे केलं आणि तोंडघशी पडलो, कारण दुसरा हिशोब केला नाही. दोन वेढ्यांमध्ये ६ एमएम फट धरा. ४० वेढे म्हणजे एकूण २४० एमएम दबायला जागा. मला ट्रॅव्हल १९० आणि प्रीलोड २०, मिळून २१० लागतात, आरामात बसतं. ३४ वेढे झाले की जागा उरली २०४. म्हणजे फोर्क तळाला लागायच्या आधीच वेढे एकमेकांना चिकटणार आणि लोखंडावर लोखंड आपटणार. झालंही तसंच, पहिल्याच मोठ्या उडीला असा आवाज आला की मला वाटलं फ्रेम तुटली. ४ वेढे कापले असते तर जागा २१६ राहिली असती, चाललं असतं, पण कडकपणा फक्त ११ टक्के वाढला असता. तर कापायचंच असेल तर आधी फट मोजा, वेढे मोजा, आणि कटिंग डिस्कने पाणी मारत मारत कापा. गॅसने कापलेली स्प्रिंग तापून मऊ होते, ती नंतर कायमची बसते. कापलेलं टोक घासून सपाट करा, खाली वॉशर द्या. एका बाजूचे वेढे जवळजवळ असलेली स्प्रिंग असेल तर दाट बाजूने कापा.

मी शेवटी भोसरीला एका स्प्रिंग वळणाऱ्या वर्कशॉपमध्ये जोडी बनवून घेतली. तिथे जाताना जुनी स्प्रिंग, तिची लांबी, बाहेरचा व्यास, तारेची जाडी, वेढे आणि पाहिजे तो रेट, एवढं कागदावर लिहून न्या. तारेची जाडी हा सगळ्यात नाजूक आकडा आहे, कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तार नुसती ५ टक्के जाड घेतली तरी स्प्रिंग २१-२२ टक्के कडक होते. म्हणून "थोडी जाड तार घाला" असं तोंडी सांगून येऊ नका, बैलगाडीची स्प्रिंग हातात येईल. नवीन जोडीने माझा सॅग आला ५८ आणि १५. फरक ४३. त्या रात्री झोप छान लागली.

आता तेल. डॅम्पिंगची खरी गोष्ट इथून सुरू होते.

रंगपंचमीची पिचकारी आठवा. हळू दाबली की पाणी गुमान जातं, जोरात दाबली की हाताला जाम लागते. साध्या फोर्कमध्ये, म्हणजे ज्याला डॅम्पिंग रॉड म्हणतात त्यात, तेल ठरावीक भोकांतून असंच जातं. वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट. त्यामुळे ब्रेक मारताना फोर्क हळू खाली जातो तेव्हा तेल फारसं अडवत नाही आणि नाक बुडतं, पण धारदार दगडावर फोर्क झटकन दबतो तेव्हा तेल भिंतीसारखं उभं राहतं. या फोर्कमध्ये तुमच्या हातात दोनच गोष्टी असतात, तेल किती जाड आणि तेल किती भरलं. कार्ट्रिजवाल्या फोर्कमध्ये पातळ चकत्यांची चळत असते, ज्याला शिम म्हणतात, ती दाब वाढला की वाकून तेलाला वाट देते म्हणून तो फोर्क दगडावर इतका ठोसत नाही, आणि क्लिकर पण बहुतेक याच्यातच मिळतात.

तेलाचा जाडपणा. ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू असं डब्यावर लिहिलेलं असतं पण त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या ७.५ इतकं पातळ निघू शकतं. खरा आकडा म्हणजे ४० डिग्रीला किती सेंटिस्टोक्स, तो तेलाच्या डेटा शीटमध्ये असतो. सोपा उपाय, एकच ब्रँड धरा आणि त्याच्यातच वर-खाली जा. त्याच ब्रँडचं १० आणि १५ अर्धं-अर्धं मिसळून मधलं तेल करता येतं, मी तेच वापरतो. साध्या फोर्कमध्ये स्प्रिंग कडक केली की ती तेवढ्याच जोराने परत उसळते, त्यामुळे रिबाउंडला जास्त डॅम्पिंग लागतं, म्हणून एक पायरी जाड तेल बरोबर बसतं. पण थेट २०डब्ल्यू ओतू नका, तेच तेल कम्प्रेशनलाही जातं आणि खडीवर हात सुन्न होतात. कार्ट्रिज फोर्कमध्ये मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलं तेच तेल घाला, तिथे जाड तेल घालून फायदा नाही, शिम बदलाव्या लागतात आणि ते काम सस्पेन्शनवाल्याचंच.

तेलाची लेव्हल ही जड रायडरची लाडकी गोष्ट, स्वस्त आणि परत फिरवता येणारी. फोर्कमध्ये तेलाच्या वर हवा असते, ती पण एक स्प्रिंगच आहे. सुरुवातीला तिचा काही परिणाम जाणवत नाही, पण फोर्क शेवटच्या तिसऱ्या भागात गेला की हवा दाबली जाऊन झपाट्याने कडक होते. लेव्हल वाढवली की हवेची जागा कमी, म्हणजे शेवटाला आधार जास्त. बारीक खडीवरचा मऊपणा जसाच्या तसा राहतो आणि उडीवरून उतरताना तळाला लागत नाही. ५-५ एमएमने जा. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा मी १० एमएम वर आहे, त्याच्यापुढे गेलो तर सीलवर दाब येतो आणि पाइपवर तेलाची रेघ दिसायला लागते.

लेव्हल मोजायची ती स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबलेला असताना, पाइपच्या वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर. इथे उलटं असतं हे लक्षात ठेवा, अंतर कमी म्हणजे तेल जास्त.

काम करताना माझी पद्धत सांगतो. गाडी स्टँडवर घ्या, पण चाक काढायच्या आधी वरच्या टी-क्लॅम्पचे बोल्ट सैल करा आणि फोर्कची टोपी अर्धा आटा ढिली करून ठेवा, फोर्क बाहेर आल्यावर ती टोपी सुटता सुटत नाही. चाक काढलं की कॅलिपर तारेने बांधून ठेवा, होजवर लटकत ठेवू नका, आणि चुकून ब्रेक लिव्हर दाबू नका. टोपी उघडताना स्प्रिंगचा जोर असतो, तोंड बाजूला ठेवा. जुनं तेल ओता, १०-१५ वेळा पंप करा, आणि जमलं तर रात्रभर फोर्क उलटा टांगून ठेवा, जुन्या तेलाचा गाळ बघून धक्का बसेल. नवीन तेल जरा जास्तच ओता, हळूहळू पंप करा म्हणजे आतली हवा निघेल, हाताला सगळीकडे एकसारखा विरोध लागला की थांबा, दहा मिनिटं ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या. मग सिरिंजला एक बारीक नळी लावा, नळीवर हव्या त्या अंतरावर खूण करा, खूण काठाशी धरून जास्तीचं तेल ओढून घ्या. फोर्कच्या दोन्ही पायांत (नळ्यांत) अगदी सारखं. मेडिकलमधली ६० एमएलची सिरिंज आणि फिश टँकची नळी, झालं काम.

साधा फोर्क आहे आणि खिसा परवानगी देतोय तर इम्युलेटर नावाची चीज बघा. ती डॅम्पिंग रॉडच्या डोक्यावर बसते, मेन स्प्रिंग तिला दाबून धरते, आणि तिच्यात एक छोटी स्प्रिंगवाली झडप असते जी ठरावीक दाबाला उघडते. रॉडची कम्प्रेशनची भोकं ड्रिलने मोठी करावी लागतात म्हणजे अडवायचं काम भोकांऐवजी झडप करते. छोट्या स्प्रिंगचा प्रीलोड किती आटे द्यायचा त्यावर कम्प्रेशन ठरतं आणि रिबाउंड तेलाच्या जाडीवरच राहतो. जड माणसाला याचा फायदा जास्त, ब्रेकला नाक बुडणं कमी आणि दगडावरचा ठोसा पण कमी, जे नुसत्या जाड तेलाने कधीच जमत नाही. पाइपच्या मापाचं मिळतंय का ते आधी बघा, आणि भोकं पाडलेला रॉड परत पहिल्यासारखा होत नाही हे पण.

आता क्लिकर. ज्यांना आहेत त्यांनी पहिल्यांदा आहे त्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद होईपर्यंत मोजत जा आणि तो आकडा लिहा. बंद होताना बोटाने हलकं थांबवायचं, जोर लावला तर आतली सुई आणि तिची बैठक खराब होते. मग मॅन्युअलमधल्या स्टँडर्डवर या. मोजणी नेहमी बंदपासून बाहेर. कुठलं बटण कशाचं हे गाडीगणिक बदलतं, कुठे वर कम्प्रेशन आणि खाली रिबाउंड, कुठे एका पायात कम्प्रेशन आणि दुसऱ्यात रिबाउंड, त्यामुळे अंदाज नको. वर हवा सोडायचे छोटे स्क्रू असतील तर चाक हवेत असताना ते एकदा उघडून बंद करा, घाट चढून-उतरून आणि उन्हात तापून आत दाब साठतो आणि फोर्क विनाकारण कडक लागतो.

आधी रिबाउंड. स्प्रिंग कडक टाकली असेल तर स्टँडर्डपासून दोन क्लिक हळू करून सुरुवात करा. मग टेस्टला एकच पट्टा पकडा, तीनशे-चारशे मीटरचा, त्यात थोडी खडी, ब्रेकचे खड्डे आणि एखादी पायरी पाहिजे. ऊस तोडणीनंतर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक झालेला शेतरस्ता मिळाला तर सोन्याहून पिवळं. रिबाउंड फास्ट असेल तर खड्ड्यातून बाहेर आल्यावर हँडल हाताला वर ढकलतं आणि चाक जमीन सोडून उड्या मारतं. फार हळू असेल तर पहिले दोन खड्डे मस्त जातात आणि तिसऱ्या-चौथ्याला फोर्क ठणकतो, कारण तो परत वर यायच्या आत पुढचा खड्डा आला आणि तो खाली खालीच बसत गेला. हे दुसरं लक्षण फसवं आहे, लोक त्याला कम्प्रेशन समजून उघडतात आणि फोर्क अजून खाली जातो. जड माणसांमध्ये रिबाउंड आवळून ठेवायची खोड फार, दादांचं पण तेच निघालं, कम्प्रेशनबरोबर त्यांनी रिबाउंडही आवळलेला होता "स्टेबल वाटतं" म्हणून. पार्किंगमध्ये स्टेबल वाटतंच की.

कम्प्रेशन शेवटी, आणि दोन-दोन क्लिकने. फोर्कच्या पाइपला एक झिप टाय हलकी बांधा, सीलला टेकवून ठेवा, पट्टा मारून आलात की ती किती वर सरकली बघा. पूर्ण पट्ट्यात एखाद्या वेळेस, सगळ्यात वाईट जागी, ट्रॅव्हलचे शेवटचे १०-१५ एमएम उरले पाहिजेत. सॅग बरोबर आहे, झिप टाय दोन तृतीयांशावरच थांबतेय आणि हात दुखतायत तर कम्प्रेशन उघडा. प्रत्येक पायरीला शेवटपर्यंत जातेय पण खडीवर छान वाटतंय तर कम्प्रेशनला हात न लावता तेल ५ एमएम वाढवा. ब्रेक मारला की नाक पटकन बुडतंय तर कम्प्रेशन दोन क्लिक आवळा. वळणात पुढचं चाक एकदम आत खेचल्यासारखं होतंय आणि सरळ रस्त्यावर हँडल डुगडुगतंय तर पुढचं खाली आहे, तेव्हा टी-क्लॅम्पमध्ये पाइप ५ एमएम खाली सरकवून पुढची बाजू उचलून बघा, हे क्लिकरने सुटत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कुणी पाळत नाही. आणि मधूनमधून मुद्दाम चुकीच्या बाजूला चार क्लिक जाऊन या, म्हणजे फरक काय लागतो ते हाताला कळतं, नाहीतर दोन क्लिकचा फरक नुसता मनातच असतो.

दादांचा फोर्क शेवटी कुठे आला? पुढे-मागे कडक स्प्रिंगा, तेल १० एमएम वर, रिबाउंड स्टँडर्डपेक्षा तीन क्लिक हळू आणि कम्प्रेशन चक्क स्टँडर्डपेक्षा दोन क्लिक उघडं. दोन महिने जे बटण ते आवळत होते ते ढिलं करून गाडी सुधारली. अजून मान्य करत नाहीत ते वेगळं.

चाक परत बसवताना एक गोष्ट अजिबात विसरू नका. एक्सल आवळला की खालच्या पिंच बोल्टला (एक्सल आवळून धरणाऱ्या बोल्टला) हात लावायच्या आधी गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी येतात, मग पिंच बोल्ट आवळा. हे केलं नाही तर फोर्क तिरका अडकतो आणि तुम्ही तो कडकपणा डॅम्पिंगमध्ये शोधत बसता. यूएसडी (उलटा, जाड पाइप वर असलेला) फोर्क असेल तर टी-क्लॅम्पचे बोल्ट पण टॉर्क रेंचनेच, जास्त आवळले की बाहेरचा पाइप चेपतो आणि आत बुश घासते.

वहीत तारीख, वेळ आणि ऊन किती होतं ते लिहा. जानेवारीत सकाळी सातला ताम्हिणीत केलेली सेटिंग मे महिन्यात दुपारी सासवडच्या माळावर फास्ट लागणार, कारण तेल तापून पातळ होतं, मी उन्हाळ्यात रिबाउंड एक क्लिक हळू करतो. पावसाळ्यात चिखलाने वजन वाढतं तो भाग वेगळा, पण खरा त्रास सीलचा. प्रत्येक राइडनंतर डस्ट सील जागेवरून सरकवून चिखल पुसून घ्या, आणि आम्ही जड लोक तेल लवकर मारतो म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराच्या निम्म्यालाच ते बदला. ओतलेलं तेल राखाडी आणि चकचकीत दिसलं तर समजा बुश झिजतायत, पुढच्या वेळी उघडाल तेव्हा बुश आणि सील दोन्ही आणून ठेवा.